साडेपाचपर्यंतचा ताबा

भाड्याच्या घरांवरची परिषद भाड्याच्याच हॉलमध्ये भरावी, यात आयोजकांचा काही दोष नाही. स्वतःचा हॉल असलेली संस्था या विषयावर परिषद कशाला भरवेल? दादर स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर एक हॉल आहे. एरवी तिथे साखरपुडे, बारशी आणि साड्यांचे सेल होतात. त्या दिवशी त्याच्या दारावर कायदा, धोरण आणि पुढील दिशा असं सगळं एकाच फलकावर लागलं होतं. फलकाच्या मागून आदल्या दिवशीच्या बारशाचं 'स्वागतम्' डोकावत होतं.

माझा मेव्हणा लघुवाद न्यायालयात वकिली करतो. मालक-भाडेकरूंचे मुंबईतले खटले याच कोर्टात जन्माला येतात आणि तिथेच म्हातारे होतात. तो म्हणाला, "दाजी, चला. तुम्ही भाडेकरू आहात, तुम्हाला स्टेकहोल्डर म्हणून बसवतो. जेवण चांगलं आहे." जन्मभर भाडं भरून एवढा मान मला कुणी दिला नव्हता, म्हणून गेलो.

आत शिरल्याबरोबर मालक कोण आणि भाडेकरू कोण हे न विचारता कळलं. भाडेकरू संघटनेची मंडळी नऊ वाजताच येऊन पुढच्या तीन रांगा धरून बसली होती. जे चहाला उठले त्यांच्या खुर्चीवर रुमाल, पिशवी, क्वचित एखादी पुतणी होती. मालक संघटनेचे लोक मागे भिंतीला टेकून उभे. परिषदेच्या वर्गणीत त्यांचा वाटा मोठा होता असं कळलं. म्हणजे खुर्च्या त्यांच्याच पैशाच्या, पण बसायला मात्र मिळत नव्हतं. त्यांना त्याचं नवल वाटत नव्हतं. अध्यक्षस्थानी एक निवृत्त सनदी अधिकारी होते. आयुष्यभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिल्यामुळे या विषयावर ते पूर्णपणे तटस्थ होते.

पहिलं भाषण इतिहासावर झालं, आणि खरं सांगायचं तर दिवसभरातलं सगळ्यात विनोदी भाषण तेच होतं, वक्ते जरी एकदाही हसले नाहीत तरी. मुंबईत भाड्यावर पहिला लगाम आला तो १९१८ साली, महायुद्धापुरता. मधे तो गेला, आणि दुसरं महायुद्ध आलं तसा १९३९ मध्ये परत आला. मग १९४७ चा कायदा. त्याने भाडं बांधलं ते १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर. हाही कायदा तात्पुरताच होता. मुदत संपत आली की विधिमंडळ ती वाढवून देई. मुदत संपते, वाढवून मिळते, पुन्हा संपते. जागा न सोडणाऱ्या भाडेकरूंसाठी केलेला कायदा स्वतःच कायदेपुस्तकात भाडेकरू होऊन बसला होता. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. पण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपतेच आहे, तेव्हा तो रद्द कशाला करायचा? न्यायालयाने नवा कायदा येईल या भरवशावर विषय सोडला. ३१ मार्च आला, आणि मुदत वाढली. नवा 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' अंमलात आला तो ३१ मार्च २००० रोजी. नाव १९९९ चं, अंमल २००० चा. ताबा मिळायला एवढा उशीर तर होतोच.

या नव्या कायद्याने मालकांना दरसाल चार टक्के भाडेवाढ दिली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गिरगावच्या एका चाळमालकांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं. खोलीचं भाडं ११२ रुपये. "चार टक्के म्हणजे चार रुपये अठ्ठेचाळीस पैसे," ते म्हणाले. "अठ्ठेचाळीस पैसे आणायचे कुठून, सांगा. नाणं बंद झालंय." भाडं गोळा करायला त्यांचा माणूस विरारहून येतो. त्याचा चहा, वडापाव आणि लोकलचं तिकीट धरलं तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालकच भाडेकरूंना काहीतरी देणं लागतात. त्यांच्या आजोबांनी चाळ बांधली तेव्हा दोन मजल्यांच्या भाड्यातून तिसरा मजला चढवता आला होता. आता भाड्यातून जिन्यातला बल्ब बदलता येतो, तोही ठोक भावात घेतला तर.

पुढच्या रांगेतून लगेच उत्तर आलं. एक काका उठले आणि म्हणाले, "आणि पागडी? ती कुणी घेतली?" पागडी हा विषय निघाला की मुंबईतला प्रत्येक माणूस आवाज खाली आणतो. खरं तर १९९९ च्या कायद्याने ती उघड घ्यायलाही मोकळीक दिली आहे, पण इतकी वर्षं हळू आवाजात बोलायची सवय लागल्यामुळे कायदेशीर झाल्यावरही लोक ती कुजबुजतच देतात. काकांचा मुद्दा असा, की त्यांच्या वडिलांनी त्या काळी आईच्या बांगड्या मोडून पागडी दिली; भाडं ११२ असलं म्हणून काय झालं, घर अर्धं आमचंच. खोली विकताना मालक आपला तिसरा हिस्सा घेतोच ना? मालक म्हणाले, घेतो. काका म्हणाले, झालं तर मग. दोघांचंही म्हणणं खरं असल्यामुळे अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

चहाच्या वेळी मेव्हण्याने मला धंद्यातल्या खुब्या सांगितल्या. भाडेकरूने सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय जागा वापरली नाही, तर मालक ताबा मागू शकतो. आता गिरगावातली निम्मी मंडळी केव्हाच डोंबिवली-बोरिवलीला फ्लॅटमध्ये गेली आहेत. मग जुन्या खोलीत कोण? तर आत्या. प्रत्येक घराण्याला एक आत्या असते. तिने तिथे राहायचं, दूध घ्यायचं, मतदार यादीत नाव ठेवायचं आणि मुख्य म्हणजे पंखा चालू ठेवायचा. कारण उलटतपासणीत वकील वीजबिल मागतात. बिल शून्य आलं की जागा वापरात नाही हे सिद्ध झालं. "दाजी, मी स्वतः एका आत्यांना जानेवारीत तीन नंबरवर पंखा लावून शाल पांघरून बसलेलं पाहिलंय," मेव्हणा म्हणाला. मालकाच्या बाजूने लढताना तो याच बिलांचा अभ्यास करतो आणि भाडेकरूच्या बाजूने लढताना आत्यांना फ्रिज घेऊन देण्याचा सल्ला देतो.

दुसरी खुबी याहून न्यारी. जगात कुठेही मालक भाडं मागतो आणि भाडेकरू टाळतो. आपल्याकडे भाडेकरू भाडं घेऊन मालकामागे धावतो आणि मालक घेत नाही. घेतलं, पावती फाडली, तर थकबाकीचा दावा कशाच्या जोरावर लावणार? म्हणून भाडेकरू पूर्वी मनीऑर्डर पाठवत, मालक ती परत करत. शेवटी भाडेकरू पैसे कोर्टात नेऊन भरतो. पैसे देण्याची परवानगी मिळावी म्हणून वकील लावणारा माणूस मी तरी दुसऱ्या कुठल्या व्यवहारात पाहिलेला नाही.

मग आलं आदर्श भाडेकरू कायद्याचं सत्र. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी हा नमुना मंजूर केला आणि राज्यांकडे पाठवला. घ्यायचा की नाही ते राज्यांनी ठरवायचं. उत्तर प्रदेश, आसाम यांनी या धर्तीवर कायदे केले. नमुना वाचायला गोड आहे. राहत्या घराला डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं. मालकाला घरात यायचं तर चोवीस तास आधी कळवायचं. मुदत संपून भाडेकरू गेला नाही, तर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं. वाद भाडे न्यायालयात, साठ दिवसांत निकाली. 'साठ दिवसांत' हे शब्द उच्चारताच वकिलांच्या रांगेत जी शांतता पसरली, ती श्रद्धांजलीच्या वेळची होती.

पण खरा वाद पेटला तो परिशिष्टावर. घरातली कुठली दुरुस्ती कुणी करायची याची यादी या कायद्याच्या शेवटी दिली आहे. भिंतींची सफेदी, दारंखिडक्यांना रंग, वायरिंग आणि पाण्याचे पाइप हे मालकाचं. नळाचा वॉशर, गटार साफ करणं, गिझर, स्विच, दाराची मूठ, खिडकीची काच आणि बागेची निगा ही भाडेकरूची. नळाच्या वॉशरला देशाच्या मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, हे ऐकून मला भरून आलं. पण सभागृहाला नाही आलं. पाइप मालकाचा आणि वॉशर भाडेकरूचा, तर मधला सांधा कुणाचा? पाइपाच्या बाजूने गळतंय की वॉशरच्या, हे ठरवणार कोण? एका मालकाने सांगितलं की गिझर जळतो तो वायरिंगमुळे नव्हे, भाडेकरूच्या आंघोळीमुळे. बागेच्या निगेबद्दल मात्र एकमत झालं. मुंबईत खिडकीतल्या तुळशीला बाग म्हणायला कुणाचीच हरकत नव्हती. पाऊण तास हे चाललं. घटनेतला मालमत्तेचा हक्क पुढच्या सत्रात दहा मिनिटांत आटोपला.

ही पुढची दहा मिनिटं खरं तर दिवसभर चालायला हवी होती. १९६९ मध्ये मुंबईतल्या १९,६४२ जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. त्याआधी त्यांची दुरुस्ती ना मालक करत होता, ना भाडेकरू, इमारती फक्त पावसाळ्यात पडून स्वतःचा प्रश्न स्वतः सोडवत होत्या. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात सुधारणा झाली: सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर सरकार अशी इमारत ताब्यात घेऊ शकेल, आणि मालकाला भरपाई महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. गिरगावच्या त्या मालकांनी माझ्या कानात हिशेब सांगितला: एका खोलीचे अकरा हजार दोनशे रुपये. गिरगावात. याविरुद्ध मालक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९२ साली. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने निकाल दिला की प्रत्येक खाजगी मालमत्ता म्हणजे समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे. चाळीतल्या संडासाच्या दुरुस्तीवरून निघालेली गोष्ट घटनेच्या कलम ३९ (ब) पर्यंत गेली, आणि तिथे पोहोचायला तिला बत्तीस वर्षं लागली. संडास अजून तिथेच आहे.

पुणे-दिल्लीचे पाहुणे बोलले. दिल्लीकरांनी सांगितलेली गोष्ट ऐकून आम्हा मुंबईकरांना प्रथमच बरं वाटलं. १९९५ चा दिल्ली भाडे कायदा संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि तो अंमलात आलाच नाही. कधीच नाही. जुना १९५८ चा कायदा जागा सोडेना, म्हणून नवा दाराबाहेरच राहिला.

अर्थतज्ज्ञ बाईंनी पडद्यावर आकडे दाखवले. १९६१ मध्ये शहरांतली ५४ टक्के घरं भाड्याची होती, २०११ मध्ये २८ टक्के राहिली. आणि त्याच २०११ च्या जनगणनेत शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांवर घरं कुलूप लावून रिकामी. "लोकांना घरं मिळत नाहीत आणि घरांना लोक मिळत नाहीत, हे असं का?" त्यांनी विचारलं. मागच्या भिंतीकडून शांतपणे उत्तर आलं, "बाई, रिकामं घर निदान कोर्टात तरी जात नाही." दिवसभरात पहिल्यांदाच पुढच्या रांगांतून कुणी हरकत घेतली नाही.

दुपारी जेवणानंतर, म्हणजे अर्धं सभागृह डोळे मिटून विचार करत असताना, माझा विषय आला: लीव्ह अँड लायसन्स. आम्ही पागडीवाले नव्हे. आम्ही अकरा महिनेवाले. अकराच का? तर वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी कायद्याची सक्ती नाही म्हणून. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ आहे. करार दिवसाचा असो की पाच वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि वाद झालाच तर भाडेकरू सांगेल तीच अट खरी धरायची, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे अकरा महिन्यांचा इथे काडीचा उपयोग नाही. तरी करार अकराचाच होतो. आपण सोमवारी केस का कापत नाही, हे जसं कुणी विचारत नाही, तसंच हेही.

मालकांच्या मनातली भीती मात्र पोरकट नाही. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जे लायसन्सवर राहत होते, ते सगळे कायद्याने भाडेकरू ठरले. आदल्या रात्री पाहुणा म्हणून ठेवलेला माणूस सकाळी घरधनी. ज्या मालकांच्या वडिलांनी ती सकाळ पाहिली, ते आजही करारावर सही करताना तारीख तीनदा वाचतात.

इथे दलाल संघटनेचे प्रतिनिधी बोलले आणि टाळ्या घेऊन गेले. दोन्ही बाजूंचं दुःख समजणारा तोच एक माणूस, कारण एक महिन्याचं भाडं तो दोन्हीकडून घेतो. मग हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी माईकवर आली. म्हणाली, "सर, कायद्याच्या पुस्तकात 'बॅचलर' हा शब्द शोधला, सापडला नाही. सोसायटीत मात्र प्रत्येक बोर्डावर आहे. एका मालकिणीने विचारलं, लग्न कधी करणार? मी म्हटलं, काकू, करार तर अकरा महिन्यांचाच आहे." पुढे तिने अंडी, रात्री दहानंतरचे पाहुणे आणि गच्चीची किल्ली या तीन बाबींवर धोरण मागितलं. अध्यक्षांनी ते 'अभ्यासगटाकडे' पाठवलं. एका सोसायटीचे सेक्रेटरी उठून म्हणाले की भाडेकरू ठेवल्यावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त ना-भोगवटा शुल्क घेता येत नाही, हा २००१ पासूनचा आदेश सोसायट्यांवर अन्याय आहे. त्या मुलीकडे पाहत ते असं बोलले, की दहा टक्के तिनेच ठरवले असावेत.

शेवटचं सत्र कार्यशाळेचं होतं: धोरण बदलण्यासाठी सरकारकडे पाठपुरावा कसा करावा. रंगीत चिठ्ठ्या वाटल्या आणि मालक-भाडेकरू मिसळून गट पाडले. आमच्या गटात काळबादेवीच्या एकाच इमारतीतले दोन म्हातारे आले. एक मालक, एक भाडेकरू. दोघांच्या वडिलांनी एकमेकांवर दावा लावला होता. वडील गेले, भाडेकरूपण सोबत राहणाऱ्या मुलाकडे आलं, घर मालकाच्या मुलाकडे आलं, आणि खटला दोघांकडे समान वाट्याने आला. इतकी वर्षं प्रत्येक तारखेला भेटल्यामुळे त्यांची ओळख सख्ख्या भावांपेक्षा दाट होती. भाडेकरूने डबा उघडला, मालकाने न विचारता त्यातलं लोणचं घेतलं. "तुझी बी.पी.ची गोळी झाली का?" भाडेकरूने विचारलं. मी म्हटलं, मग समझोता का करत नाही? दोघंही माझ्याकडे असे बघू लागले, की मी जणू त्यांची मैत्री मोडायला निघालो होतो.

चिठ्ठ्या गोळा झाल्या. मालकांची मागणी, आदर्श कायदा महाराष्ट्रात ताबडतोब आणा. भाडेकरूंची मागणी, तो मुळीच आणू नका. तो नव्या भाडेकरारांसाठी आहे, जुन्यांना लागू नाही, हे कुणीतरी सांगितल्यावरही नको. दोन्ही गटांची समान मागणी एकच निघाली: समिती नेमा.

आभारप्रदर्शन चालू असताना हॉलचे मॅनेजर स्टेजपाशी आले. "साहेब, हॉल साडेपाचपर्यंत दिलाय. सहाला हळदीची पार्टी आहे." आभार मानणारे मालक संघटनेचे चिटणीस होते. जन्मात प्रथमच ते एखाद्या जागेचा ताबा घेऊन उभे होते आणि ती त्यांना सोडवेना. वाजवी मुदत मिळाली पाहिजे, असं ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे ऐकून भाडेकरू संघटनेने उत्स्फूर्त टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने एसी बंद केला. "अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही! कलम २९!" तीन वकील एकदम ओरडले. माझा मेव्हणा स्थगितीचा अर्ज तोंडी करता येईल का, याचा विचार करू लागला. मॅनेजरला कलम माहीत नव्हतं. त्याने डेकोरेटरच्या पोरांना हाक मारली, पोरांनी मागच्या रांगेपासून खुर्च्या दुमडायला घेतल्या, आणि हळदीवाल्यांचा डीजे आवाज तपासू लागला. सहा वाजायच्या आत हॉल रिकामा झाला. प्रामाणिक गरज, पर्यायी जागा, अपील, काही नाही. मंत्रिमंडळाच्या साठ दिवसांपेक्षा हे बरंच वेगवान होतं.

माझं मत विचाराल तर भांडण कायद्याचं नाही, भीतीचं आहे. मालकाला वाटतं हा जाणार नाही, भाडेकरूला वाटतं हा काढणार, आणि या दोन भीतींच्या मधे जे उभं राहतं त्याला आपण डिपॉझिट म्हणतो. कायदे कितीही येऊ देत. सध्या करायला सोपी गोष्ट एकच आहे: करार नोंदवा. शहरात नोंदणी फी हजार रुपये, मुद्रांक शुल्क पाव टक्का, आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो.

जाता जाता एक विनंती. माझे अकरा महिने मेमध्ये संपतात. वाचकांपैकी कुणाची दादर-माटुंगा भागात वन-बीएचके रिकामी असेल, तर कळवावं. माणूस विवाहित, शाकाहारी चालतो, मांसाहारी धावतो. नळाचे वॉशर स्वतः बदलतो. फक्त मालकांनीच संपर्क साधावा. दलालांनी तसदी घेऊ नये.